तीन वाजता निघालेलं नाव

आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन ठराव एकमताने मंजूर झाले. पहिला, रौप्यमहोत्सवानिमित्त संस्थेचं बोधचिन्ह करावं. दुसरा, ते फुकटात व्हावं. दुसरा ठराव वाचताना सेक्रेटरींची नजर माझ्याकडे होती. मी निवृत्त आहे आणि माझ्या घरी कॉम्प्युटर आहे. माणसाचा घात व्हायला एवढ्या दोन गोष्टी पुरतात.

"फार काही नाही हो," सेक्रेटरी म्हणाले, "मधे इमारत आणि भोवती गोलात नाव. तुम्हाला अर्ध्या तासाचं काम. तेच मग शिक्क्यालाही वापरू."

संस्थेचं नाव मी इथे सांगत नाही. का, ते पुढे कळेल. सुरुवातीला देवाचं नाव आहे, ते तीन अक्षरांत आटोपतं. त्याच्या मागे 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' ही पंधरा अक्षरांची शेपटी. देवापेक्षा शेपूट लांब असलेला देव एकच, पण हा तो नव्हे.

मुलीने मला इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. जगभरातली हौशी मंडळी २००३ पासून ते घडवतायत आणि फुकट वाटतायत, म्हणजे दुसऱ्या ठरावात ते चपखल बसत होतं. मी वर्तुळ काढलं. नाव टाइप केलं. दोघांना एकत्र निवडून 'पुट ऑन पाथ' दाबलं. नावाने टुणकन उडी मारून वर्तुळ गाठलं, आणि मी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. घड्याळात जिथे तीन वाजतात तिथून नाव निघालं होतं आणि खाली चाललं होतं. देव उजव्या कुशीवर आडवा, 'सहकारी' घसरगुंडीवर, 'गृहनिर्माण' सहाच्या ठोक्याला शीर्षासनात, आणि 'मर्यादित' नऊ ओलांडून डाव्या भिंतीवर चढत होतं.

यात सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता. गणितात कोन तिथूनच मोजतात, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळही तीनच्या काट्यावर सुरू होतं; फिरतं मात्र घड्याळाच्या दिशेने. पण आम्ही दहावीला भूमिती पास झालो ती प्रमेयं पाठ करून. मी आपला एकेक अक्षर माउसने धरून वर ओढायला लागलो. दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, अक्षरं नको ओढूस. गोल फिरव."

गोल फिरवला. त्याच्याबरोबर सगळं नाव मुकाट्याने सरकत वर आलं.

मग मी उत्साहाच्या भरात अक्षरं मोठी केली. आणखी मोठी केली. एका क्षणी 'मर्यादित' दिसेनासं झालं. रस्ता संपला की उरलेली अक्षरं चित्रातून गळून जातात, हा इथला नियम. सूचना नाही, नोटीस नाही. नेमके तेव्हाच सेक्रेटरी प्रगती पाहायला आले होते. पडद्यावर नुसतं 'सहकारी गृहनिर्माण संस्था' वाचून ते पांढरे पडले. "अहो, मर्यादित कुठाय? ते गेलं तर जबाबदारी अमर्यादित होते!" १९६०चा सहकार कायदा त्यांना हनुमान चालिशीसारखा पाठ आहे. मी अक्षरं लहान केली, मर्यादा परत आली, आणि मग ते चहाला थांबले.

चहा पिता पिता त्यांनी खाली 'डोंबिवली पूर्व' हवं असं सुचवलं.

ही सूचना निरुपद्रवी वाटते, पण गोल शिक्क्याची खरी मेख ती. वर जे अक्षर ताठ उभं राहतं ते वर्तुळाच्या तळाशी उलटं होणारच. ते सुलटं करायचं तर रस्त्याची दिशा उलटी करावी लागते, आणि दिशा उलटी केली की अक्षरं वर्तुळाच्या बाहेरून आत येतात. म्हणजे वरचं नाव कुंपणाबाहेर आणि खालचं कुंपणाच्या आत. दोन्ही एकाच पट्ट्यात बसवायची तर दोन वर्तुळं लागतात: वरच्या ओळीसाठी लहान, ती त्याच्या माथ्यावर उभी राहते, खालच्यासाठी मोठं, ती त्याच्या तळाशी उभी राहते. शिक्के बनवणारे हे रोज करत असतात. मला ते उमगायला एक आठवडा आणि मुलीचे चार फोन लागले.

शेवटी सगळं जागेवर बसलं. मी बायकोला बोलावलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही वरची रेघ उंदराने कुरतडली का?"

कुरतडली होती. शिरोरेघ दर अक्षरापाशी तुटली होती. पायाशी अक्षरं एकमेकांना खेटलेली, डोक्याशी फाकलेली, आणि प्रत्येक फटीतून पांढरं दिसत होतं.

याचं कारण सापडलं तेव्हा मला आमची जुनी चाळ आठवली. रोमन लिपीतलं छापील अक्षर आपापल्या बंगल्यात राहतं; त्याला वळवा, फिरवा, शेजारच्याला काही नाही. देवनागरी शब्द म्हणजे चाळ, सगळ्या खोल्यांना मिळून एक सामाईक गॅलरी. पण फॉन्टमध्ये ही गॅलरी अखंड नसतेच. प्रत्येक अक्षर आपला रेघेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्याला चिकटवून ठेवतं. सरळ ओळीत हा सांधा कोणाला दिसत नाही. वळण आलं की सॉफ्टवेअर एकेक खोली उचलून तिरकी करतं, गॅलरीच्या तेवढ्या सरळ तुकड्यासकट, आणि सामाईक म्हणून जे मिरवत होतं ते प्रत्येकाचं खासगी निघतं. आमच्या सोसायटीतही जिन्याला रंग द्यायचा विषय निघाला की हेच होतं.

मोडी लिहिणारे कारकून यात हुशार. ते आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून मोकळे होत आणि मग तिला अक्षरं टांगत. गुजराती मंडळींनी रेघच काढून टाकली, व्यवहारी माणसं. आणि शिवराई आठवून पाहा. नाणं गोल, पण 'श्री राजा शिव' आडव्या ओळींत, मागच्या बाजूला वर 'छत्र' आणि खाली 'पति'. राजमुद्रा तर अष्टकोनी, तीही आडव्या ओळींची. वाकायचं नाही हे धोरण थेट टाकसाळीपर्यंत पोचलेलं दिसतं.

आमच्या लहानपणी शाळेच्या फाटकावर कमानीत नाव रंगवायला एक पेंटर आला होता. त्याने खिळा ठोकला, सुतळीला खडू बांधला, दोन कमानी मारल्या. मग अक्षरं मोजली आणि मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे लिहीत गेला. सगळ्यात शेवटी, विडी विझवून, खांद्यापासून हात फिरवत एका दमात शिरोरेघ. आम्ही मधली सुट्टी बुडवून ते पाहिलं होतं. त्या खिळ्याची आणि सुतळीची किंमत तेव्हा कळली नाही.

फाईल घेऊन मी छपाईच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने ती उघडली, माझा फॉन्ट त्याच्याकडे नव्हता, सगळं नाव चौकटी चौकटींचं झालं.

"काका, कर्व्ह करून आणा."

"अरे, पंधरा दिवस मी दुसरं काय करतोय?"

कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकणं. मग फॉन्ट लागत नाही, कारण ती अक्षरं उरतच नाहीत, नुसते आकार होतात. आणि इथे मला वाट दिसली. सरळ ओळीतलंच नाव कर्व्ह केलं, सगळे आकार जोडून एक केले, आणि अख्खी ओळ पट्टीसारखी वाकवली. इंकस्केपमध्ये त्यासाठी 'बेंड' नावाची सोय आहे. आता वाकताना रेघही अक्षरांबरोबर वाकली. हे वळण ज्या वक्ररेषेने द्यायचं तिला बेझिए म्हणतात. मोटारींचे पत्रे आखायला ती आधी सित्रोएन कंपनीतल्या द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये शोधली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनॉ कंपनीतल्या बेझिए यांनी पुढे १९६०च्या दशकात ती जगासमोर आणली आणि नाव त्यांचं लागलं. पंप दुरुस्त करतो एक आणि सभेत आभार मानतात दुसऱ्याचे, हे आम्हाला नवीन नाही.

बोधचिन्ह छापलं. शिक्का तयार झाला. पत्रकं, आमंत्रणं, स्मृतिचिन्हं, सगळ्यावर तेच. समारंभात चौथ्या मजल्यावरच्या बाई, ज्या मराठी शिकवून निवृत्त झाल्या, त्यांनी स्मृतिचिन्ह हातात घेतलं, क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "मर्यादितमधली दि पहिली हो. तुम्ही दुसरी दिलीत."

दुसरी दिली होती. पहिल्या दिवशी टाइप करताना दिली होती. नाव मी उभं, आडवं, उलटं, तिरकं पाहिलं, पंधरा दिवस पाहिलं. वाचलं मात्र एकदाही नाही. आणि कर्व्ह केल्यावर वेलांटी बदलता येत नाही, कारण ती आता वेलांटी नसते.

नवा शिक्का करायचा ठराव पुढच्या सभेत आहे. तोवर जुनाच चालू आहे. आमच्या सोसायटीची पावती कधी तुमच्या हाती आलीच, तर 'मर्यादीत'कडे कृपया दुर्लक्ष करा. शिरोरेघ तेवढी पाहा. कुठेही तुटलेली नाही.