डॉक्टरांचा जुना पेशंट

काही पेशंट डॉक्टरांकडे बरं व्हायला जात नाहीत. आधीच्या डॉक्टरांच्या हाताला कसा गुण होता, हे नव्या डॉक्टरांना ऐकवायला जातात. ब्रिटनमध्ये अशा पेशंटांची एक जमातच आहे आणि त्यांचा डॉक्टर टीव्हीत राहतो. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा हा नायक परग्रहावरचा. एका निळ्या पोलीस बॉक्समध्ये बसून तो काळात मागेपुढे हिंडतो. हा बॉक्स बाहेरून कपाटाएवढा आणि आतून वाड्याएवढा. डॉक्टर मरायला टेकला की नवं शरीर धारण करून, म्हणजे नवा नट घेऊन, उठून बसतो. मालिकेने साठी ओलांडली ती या एका सोयीच्या जोरावर. आमच्या पेशंटचं दुखणंही तिथेच सुरू होतं.

पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ च्या शनिवारी, संध्याकाळी सव्वापाचला. आदल्याच दिवशी केनेडींचा खून झालेला, लोकांचं चित्त कुठे थाऱ्यावर असणार? म्हणून पुढच्या शनिवारी बीबीसीने पहिला भाग पुन्हा दाखवला आणि पाठोपाठ दुसरा. माझी खात्री आहे, त्या संध्याकाळीही कुठल्या तरी दिवाणखान्यात कुणीतरी म्हणालं असणार, “गेल्या आठवड्यात जास्त रंगला होता.”

आजचा पेशंट साठीच्या आसपासचा आहे. गळ्यात रंगीबेरंगी पट्ट्यांचा, जमिनीला टेकणारा मफलर. चौथा डॉक्टर टॉम बेकर असाच मफलर घालायचा. त्याची कथा पेशंट ऐकवतोच. विणणाऱ्या बाईंना निवड करायला म्हणून भरपूर लोकर दिली होती आणि त्यांनी ती सगळीच्या सगळी विणून टाकली. गैरसमजातून जन्मलेलं हे वस्त्र आमचा माणूस मे महिन्यातही उतरवत नाही.

भाग चालू असताना तो बोलत नाही, नाकाने टीका करतो. बारीक ‘हं’ म्हणजे संवाद पसंत नाही. लांब ‘हंऽऽ’ म्हणजे हे १९७५ च्या भागाशी जुळत नाही. डॉक्टरने खिशातून सॉनिक स्क्रूड्रायव्हर काढून कुलूप, बॉम्ब आणि कथानक एकाच झटक्यात सोडवलं, की खुर्ची करकरते. शेवटची नावं सरकायला लागली की घरातले सगळे टीव्ही सोडून त्याच्याकडे बघतात. “वाईट नव्हता,” असं तो म्हणाला तर त्या दिवशी घरात सणच. “बरा होता,” हे त्याने एकदा म्हटल्याचं बायकोला आठवतं, पण तो भाग नवा होता की जुना, यावर दोघांचं एकमत नाही.

त्याच्या मुख्य तक्रारी तीन. पार्श्वसंगीत मोठं आहे, सीझनचा शेवट घाईत गुंडाळला आहे आणि तारखा जुळत नाहीत. यातली तिसरी जुनाट आहे. सत्तरच्या दशकात डॉक्टर ज्या लष्करी पथकासोबत काम करायचा, त्या ‘युनिट’च्या कथा नक्की कुठल्या साली घडतात? १९७५ च्या एका कथेत डॉक्टरची सोबतीण सेरा जेन आपण १९८० मधून आल्याचं सांगते. तिच्या काळात पथकाचा ब्रिगेडियर नोकरीत आहे. आणि १९८३ ची कथा सांगते की ब्रिगेडियर १९७६ पासून निवृत्त आहे. दोन हृदयांचा नायक, काळातून उडणारी पेटी, मिरीदाणीसारखे दिसणारे आणि जग जिंकायला निघालेले डॅलेक, हे सगळं त्याने बालपणीच बिनतक्रार गिळलं. ही चार वर्षं मात्र घशाखाली उतरत नाहीत. ब्रिगेडियरच्या पेन्शनचा हिशेब तो आजही करत बसतो.

तुम्ही भारतीय आहात हे कळलं, की तो विशेष प्रेमात येतो. अगदी पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनऊमध्ये जन्मलेला, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुमच्या देशभक्तीबद्दल त्याला शंका वाटते. मग फाळणीवरचा २०१८ चा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ निघतो. तो बघताना आपण रडलो, हे तो कबूल करतो आणि लगेच सावरतो, “अर्थात, डॉक्टरला त्यात करायला काही काम नव्हतं.” लंडनच्या फिट्झरॉय टॅव्हर्न या पबात महिन्याच्या पहिल्या गुरुवारी चाहते जमायची जुनी प्रथा आहे. तिथे अशी कबुली आणि माघार एकाच घोटात ऐकायला मिळते.

सुवर्णकाळ कोणता, हे विचारू नये. तो दहा वर्षांचा होता तोच. पण त्या काळाचीही गंमत अशी की त्या काळी तो सुवर्णकाळ नव्हता. १९७६ मध्ये ‘द डेडली असॅसिन’ ही कथा आली. डॉक्टर ज्या टाइम लॉर्ड मंडळींतला, ती तोवर देवासारखी भव्य होती. इथे ती दमेकरी, कटकारस्थानी म्हातारी निघाली. चाहत्यांची संघटना त्याच साली स्थापन झाली होती आणि तिच्या अध्यक्षाने या कथेची यथेच्छ सालं काढली. आज तीच कथा उत्तम कथांच्या यादीत मानाने मिरवते. टाइम लॉर्डला बाराच वेळा शरीर बदलता येतं, हा नियम याच कथेतला. परंपरा बुडवली म्हणून जिच्यावर आगपाखड झाली, तिच्यातलं हे वाक्य पुढे स्मृतिवचन झालं. २०१३ मध्ये मालिकेने या नियमातून पळवाट काढली, तेव्हा आमचा पेशंट ओरडला, “परंपरा बुडाली!”

२००९ मध्ये मालिकेच्या मासिकाने तोवरच्या दोनशे कथांचा वाचकांकडून कौल घेतला. पहिली आली ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ आणि दोनशेवी, म्हणजे तळाची, ‘द ट्विन डिलेमा’. या दोन्ही मार्च १९८४ मधल्या, लागोपाठच्या. एक संपल्यावर आठवड्याच्या आतच दुसरी सुरू झाली. स्वर्ग ते नरक हे अंतर काळयंत्राशिवाय इतक्या झटपट कुणी कापलं नसेल. मध्ये घडलं एवढंच की डॉक्टर बदलला होता. पेशंट ही आकडेवारी आपल्या निदानाचा पुरावा म्हणून खिशात बाळगतो.

ज्यांना त्याने आजवर नावं ठेवलेली नाहीत, असेही भाग आहेत. ते हरवलेले आहेत. साठच्या दशकातल्या कित्येक टेपा बीबीसीने पुसून टाकल्या. नव्वदहून अधिक भागांचा पत्ता लागेना, पण या सगळ्यांचा आवाज शिल्लक राहिला. कारण त्या काळातली काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून, घरच्यांना खोकू न देता बसली होती. बीबीसीने टाकून दिलेलं या पोरांनी जपलं. इथे त्याची चेष्टा करावीशी वाटत नाही. २०१३ मध्ये नायजेरियात नऊ भाग सापडले, तेव्हा तो ढसाढसा रडला, मग बघायला बसला आणि मध्येच बारीक ‘हं’ ऐकू आलं. न पाहिलेल्या भागाची सर पाहिलेल्याला कुठून येणार?

कुणी म्हणेल, एवढी अक्कल आहे तर स्वतः लिहून दाखव. हे त्याला चुकूनही म्हणू नये, कारण तो लिहून दाखवतो. या जमातीतले काहीजण तर थेट मालिकेतच पोचले. पंधरा वर्षांच्या पीटर कपाल्डीचं मालिकेवरचं पत्र १९७४ मध्ये ‘रेडिओ टाइम्स’ने छापलं. पुढे तो बारावा डॉक्टर झाला. डेव्हिड टेनंट ही मालिका बघूनच नट व्हायला निघाला आणि दहावा डॉक्टर झाला. एवढ्याने भागलं नाही म्हणून त्याने पाचव्या डॉक्टरच्या, म्हणजे पीटर डेव्हिसनच्या, मुलीशी लग्न केलं. एका भागात तिने पडद्यावर टेनंटच्याच मुलीचं काम केलं होतं, हे कोडं पेशंट तुम्हाला कागदावर रेघा मारून समजावतो.

पण या जमातीचा खरा कुलपुरुष ख्रिस चिबनल. १९८६ मध्ये, विशीही न गाठलेला हा पोरगा बीबीसीच्याच ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात बसला आणि त्या सीझनच्या लेखक जोडप्याला, पिप आणि जेन बेकर यांना, त्यांची कथा किती साचेबद्ध आहे ते सुनावून आला. २०१८ मध्ये हाच चिबनल मालिकेचा सूत्रधार झाला. त्याने डॉक्टरला स्त्री केलं आणि २०२० मध्ये तर पहिल्या डॉक्टरच्याही आधी डॉक्टरचे कित्येक जन्म होऊन गेल्याचं जाहीर केलं. मग देशभरच्या पेशंटांनी त्याला, जुनी ओपन एअरची चित्रफीत हाताशी ठेवून, व्याजासकट परतफेड केली. त्यातलेच एखाददुसरे पुढे त्या खुर्चीत बसतील. बाहेरच्या बाकड्यावर कण्हणाऱ्यांतूनच पुढचा डॉक्टर नेमायचा, अशी या दवाखान्याची रीतच आहे.

३१ मे २०२५ च्या भागात पंधरावा डॉक्टर न्कुटी गाटवा दोनच सीझनमध्ये निघून गेला आणि त्याच्या जागी चेहरा दिसला बिली पायपरचा. ही वीस वर्षांपूर्वी डॉक्टरची सोबतीण रोझ झाली होती. ती आता डॉक्टर आहे की आणखी कुणी, हे श्रेयनामावलीनेही सांगितलं नाही. “जुनं ते परत आणा,” असं आयुष्यभर बजावणारा पेशंट यावर कडाडला, “पुन्हा जुनंच?”

मालिकाच थांबली तर याचं काय होईल, अशी काळजी करायचं कारण नाही. तो प्रयोग झालेला आहे. १९८९ मध्ये मालिका बंद पडली. १९९६ चा एक टीव्ही चित्रपट सोडला तर सोळा वर्षं मालिकेचा नवा भाग आला नाही. या काळात त्याने कादंबऱ्या वाचल्या, श्राव्य नाटकं ऐकली आणि त्यांतल्याही तारखा तपासल्या. अखेर २६ मार्च २००५ च्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता ‘रोझ’ हा भाग लागला. आमचा माणूस डोळे भरून, मफलर घालून बसला होता. भागात प्लॅस्टिकचा एक कचऱ्याचा डबा जिवंत होऊन एका तरुणाला गिळतो आणि वर ढेकर देतो. तो ढेकर ऐकून तो उभा राहिला. “सोळा वर्षं,” तो म्हणाला, “सोळा वर्षं थांबलो ते हे ऐकायला?” संबंध रविवार त्याने मित्रांना फोन करून मालिका संपल्याचं कळवलं.

पुढच्या शनिवारी साडेसहालाच तो टीव्हीसमोर होता. आणखी एखादा डबा ढेकर देईल आणि नेमका तो आपला पाहायचा राहील, या काळजीने त्याला चहा जात नव्हता.