पिवळी बाटली आणि कोरा चहा

आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, ते बीड जिल्ह्यात नारायणगडाची वाट धरतात. नगद नारायण महाराजांचा हा गड म्हणजे धाकटी पंढरी. गर्दी अशी की मुंगीला वाट मिळू नये, आणि या अख्ख्या गर्दीचा फराळ ठरलेला: साबुदाणा. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, कारखाने तमिळनाडूत सेलमकडे, पुण्य मात्र आपल्या खात्यावर. त्यात पिठूळपणा सोडला तर फारसं काही नसतं. खिचडीत मूठभर दाण्याचं कूट जास्त टाकणारी बाई हीच या भागातली सगळ्यात जुनी आहारतज्ज्ञ. तिला मानधन नाही.

एका दिवसाच्या साबुदाण्यानं कुणाचं बिघडत नाही. एकादश्या वर्षाला चोवीस. भानगड आहे ती उरलेल्या ३४१ दिवसांची.

गळ्यात माळ आली की मटण-अंडी सुटली. उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण बी-१२ नावाचं एक जीवनसत्त्व आहे. ते मटणात, माशांत, अंड्यात आणि दुधात असतं, भाजी-भाकरीत नसतं. रक्ताला लागतं, नसांना लागतं आणि डोक्यालाही लागतं. ते फार कमी झालं की हातापायाला मुंग्या येतात, विसरायला होतं, चिडचिड वाढते, उदास वाटतं. क्वचित भ्रमसुद्धा होतो. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे माळकऱ्यानं रोज अर्धा लिटर दूध घेतलं तरी जवळपास भागतं. आता घरोघर विचारा, दूध कुठं जातं? डेअरीला. फॅट लागली, भाव लागला, पगार झाला. घरात उरतो कोरा चहा, आणि तोही जेवणाला चिकटून. बाजरीत तांदळापेक्षा कितीतरी जास्त लोह असतं. त्यातलं बरंच हा चहा अंगी लागू देत नाही. भाकरीनं द्यायचं आणि कपबशीनं काढून घ्यायचं, असा हा व्यवहार.

हे मी मनानं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं. त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आयांचं बी-१२ सगळ्यात कमी होतं ती लक्ष देण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडली. पोराला गणित येत नाही म्हणून मास्तराला बोल लावण्याआधी एवढं वाचलेलं बरं.

सरकारलाही हे कळलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं. न खाणाऱ्याला केळं. सोवळ्यातल्यांनी आरडाओरडा केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचा निधी थांबवला आणि शाळांना सांगितलं, हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या. ज्या गावात सप्ताहाला हजारोंची पंगत उठते, तिथं पोरांच्या अंड्याला वर्गणी मागायला कोण उभं राहणार? अंडं नको तर नको, रोज पेलाभर दूध द्या म्हणून तरी आरडाओरडा व्हायला हवा होता. तो मला ऐकू आला नाही.

मग मन बिघडलं की आपण करतो काय? कुणी म्हणत नाही मन बिघडलं. करमत नाही, जेवण जात नाही, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, एवढंच सांगतात. यावर कुठल्याही बाजारगावात एकच उतारा: सलाईन. त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळं होतं, आणि पिवळं झालं की ताकद आली. हिशोब बघा. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, ऊर्जा शंभरेक कॅलरी. एका भाकरीत याहून जास्त भरते. पण भाकरी खाल्ल्यावर तासभर खाटेवर पडून राहता येत नाही, उशाशी कुणी बसत नाही, डॉक्टर मनगट धरत नाही. खरा गुण बहुतेक त्याचाच येत असावा.

शहरातल्यांनी हसू नये. त्यांची पिवळी बाटली मोबाईलवर मागवली जाते. झोपेची गोड गोळी, मूडची गोड गोळी, ताण घालवणारी अश्वगंधा. ही अश्वगंधा म्हणजे आपली ढोरगुंज, कोरडवाहू रानात आपोआप उगवणारी. काहींना तिनं यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत आणि डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं की हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो, आणि चष्म्यावर सवलत नसते.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची परीक्षाही झाली आहे. युरोपातल्या चार देशांत १०२५ लोकांना वर्षभर जीवनसत्त्वं आणि ओमेगा-३ असलेल्या किंवा खोट्या गोळ्या दिल्या. २०१९ मध्ये निकाल लागला. खऱ्या गोळ्यांनी नैराश्य टळलं नाही. अमेरिकेत १८ हजारांवर लोकांना पाच वर्षं ड जीवनसत्त्व किंवा खोटी गोळी दिली, तिथंही तेच. उलट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटानं नैराश्य असलेल्या ६७ जणांतल्या निम्म्यांना बारा आठवडे नीट जेवायला शिकवलं: डाळी, भाज्या, फळं, मासे, दाणे. त्यांतले ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले. ज्यांना नुसती गप्पांची सोबत मिळाली त्यांच्यातले ८ टक्के. अभ्यास लहान आहे, आणि बहुतेकांचे उपचारही चालू होते. म्हणून जेवण सुधारलं की मनाच्या गोळ्या बंद, असं कुणी करू नये.

तपासणीत कमतरता निघाली तर गोळी किंवा इंजेक्शन घ्याच. त्या वेळी ते खरंखुरं औषध असतं. सरकारी लाल गोळी फुकट मिळते, ती मात्र फडताळात पडून राहते. तिच्यात लोह आणि फॉलिक ॲसिड आहे, बी-१२ नाही, हेही लक्षात असू द्या. कमतरता नसताना गिळलेली महागडी गोळी बहुतेक करून वायाच जाते.

आणि एक गोष्ट कुठल्याच बाटलीत मावत नाही. मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांच्या यादीत बीडचं नाव वरच असतं. मुकादमाची उचल अंगावर घेऊन जोडपं ऊसतोडीला जातं, पहाटेच्या अंधारात फडात उतरतं, शिळी भाकर-चटणी खातं आणि फिटत नाही म्हणून पुढच्या साली पुन्हा जातं. त्या बाईला पालेभाजीचं महत्त्व सांगणारं पत्रक वाटणं हा निव्वळ आचरटपणा आहे. बी-१२ नं नसा सुधारतात, सातबारा कोरा होत नाही.

तेव्हा गडाच्या विश्वस्तांना आणि कीर्तनकार महाराजांना हात जोडून विनंती. येत्या एकादशीला फराळाच्या मंडपाशेजारी हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासणीचा एक मंडप टाका. आणि कीर्तनात एकदा सांगा की डेअरीला घालण्याआधी घरच्या लेकरांचं, लेकी-सुनांचं दूध बाजूला काढा. डॉक्टरनं सांगितलेलं लोक विसरतात, महाराजांनी सांगितलेलं गावभर होतं. शेवटी माईकवरून मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबरही वाचून दाखवा: टेली-मानस, १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.