बॅटऱ्यांची निवड

सुट्टीत उदगीरला कॅम्पिंगला येणाऱ्या पाहुण्यांची निम्मी बॅग बॅटऱ्यांनीच भरते. कपाळाला एक, तंबूत टांगायला एक, हजार ल्युमेनची एक आणि डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून लाल उजेडाची एक. इथल्या शेतकऱ्याला एवढा विचार करावा लागत नाही. थ्री-फेज विजेची पाळी रात्रीची आली की एकच चार्जिंगची बॅटरी घेऊन तो हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो. साप, रानडुक्कर आणि उडालेला फ्यूज एकाच उजेडात बघतो. दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली. ऊन आमच्याकडं त्याआधीपासूनच होतं. ती योजना बांधापर्यंत पोचेस्तोवर हे सरकारी कॅम्पिंग चालू: प्रवेश फुकट, तंबू नाही, मोटार जळाली तर खर्च ज्याचा त्याचा.