एसआयपी एएलजी साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय श्री. एसआयपी एएलजी साहेब,
मुक्काम: ब्रॉडबँड कंपनीची पांढरी पेटी, आमच्या घराची भिंत, पुणे.

स. न. वि. वि.

पाकिटात घालून पाठवले असते तर आपण ते वाटेत फोडलेच असते. म्हणून हे पत्र उघडेच लिहीत आहे.

आधी आपले आभार मानतो. घरातल्या मागच्या खोलीत आम्ही नवरा-बायको लोकांची आयकर विवरणपत्रे भरून देतो. यंदा टेबलावर इंटरनेटवरचा फोन बसवला आणि कामाला वेगळा नंबर घेतला. राउटरमध्ये, फोनचे निरोप उघडून त्यातले पत्ते बदलणारे सॉफ्टवेअर म्हणून, आपण मुक्कामाला आहात, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तरीही पहिल्या फोनपासून आपण सेवेला हजर होतात.

काय आपली शिस्त! बाहेरून आलेला फोन बरोबर ३२व्या सेकंदाला बंद पडायचा. एकतिसाव्याला नाही, तेहेतिसाव्याला नाही. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. पॅन कार्डावरची दहा अक्षरे-आकडे सांगायला त्यांनी फोन केला. "थांबा हं, चष्मा घेतो," म्हणाले. चष्मा सापडला, पाच अक्षरे सांगून झाली आणि आपण फोन तोडलात. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी त्यांनी माझ्या पत्नीला विचारले, "ताई, माझं काही चुकलं का? रागावून फोन ठेवताय का?"

त्या प्रश्नाबद्दलही आपले ऋण मानायचे का, साहेब?

३२ सेकंदच का, हे शोधायला अकरा दिवस लागले. एसआयपीचे, म्हणजे इंटरनेटवरचा फोन जोडण्या-तोडण्याच्या पद्धतीचे, नियम २००२ साली पक्के झाले. फोन उचलला की आमचे यंत्र 'उचलला' असा निरोप पाठवते आणि पलीकडून त्याची पोच यावी लागते. पोच नाही आली तर तोच निरोप पुन्हा पुन्हा जातो. अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद वाट पाहून यंत्र बोलणे संपवते. फोनने पाठवलेला निरोप आणि फोनसेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर पोचलेला निरोप मी छापून शेजारी-शेजारी ठेवले. आमचा परतीचा पत्ता आपण खोडून दुसराच लिहिला होता. पोच त्या पत्त्यावर जात होती आणि तिथे घेणारे कोणीच नव्हते.

आपल्या जन्मामागचा हेतू चांगला होता, हे मी मनापासून मान्य करतो. राउटरमागचा फोन स्वतःचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा लिहितो. असे पत्ते घरोघरी तेच असतात, बाहेरच्या जगात त्यांवर काही पोचत नाही. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतली चिठ्ठी मात्र तशीच राहते. ती दुरुस्त करायला आपली नेमणूक झाली. पण आता सेवा देणाऱ्यांचे बहुतेक सर्व्हर निरोप कुठून आला ते पाहून तिथेच उत्तर धाडतात. आपल्या मदतीवाचून त्यांचे अडत नाही. तरीही आपण चिठ्ठी उघडता, आणि दुरुस्ती करता तीही अर्धवट: एका ओळीत नवा पत्ता, दुसरीत जुना. कधी फोन तुटायचा नाही, पण आमचा आवाज पलीकडे जायचा आणि त्यांचा इकडे यायचा नाही. तीही आपलीच कृपा.

आपले यजमानही तितकेच आतिथ्यशील. ग्राहक सेवेतल्या ताईंनी चार वेळा राउटर बंद-चालू करायला लावला आणि वेग तपासून १०० एमबीपीएस मिळतो असे अभिमानाने सांगितले. फोनवरच्या एका बोलण्याला प्रत्येक दिशेला १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत. हे त्यांना समजावले, तर त्यांनी वरची योजना घ्यायचा सल्ला दिला. आपल्याला बंद करण्याची खूण राउटरच्या सेटिंगमध्ये आहे, पण त्या पानाचा पासवर्ड कंपनीकडे. घर आमचे, बिल आमचे, बोलणे आमचे आणि किल्ली त्यांची!

शेवटी आम्ही निरोपांना कुलूप लावले. फोनमध्ये ५०६० ऐवजी ५०६१ पोर्ट आणि टीएलएस निवडले, सेवा देणाऱ्याकडे ती सोय होती म्हणून. आता चिठ्ठी आपल्या हातून जाते, पण आपल्याला वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी मीच गुरुजींना फोन केला, माफी मागितली आणि म्हटले, आता तुम्ही करून बघा. त्यांनी केला. चौदा मिनिटे बोललो. पॅन तर झालाच, नातीच्या बारावीच्या निकालापर्यंत गप्पा गेल्या.

आपल्याला एकच विनंती. आपल्या यजमानांना सांगा, आपण राहायचे की जायचे हे ज्याच्या घरी राहता त्याला ठरवू द्या. आणि हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणी घरून काम करत असेल, टेबलावर असा फोन बसवणार असेल, तर जोडणी घ्यायच्या आधी विचारा: एसआयपी एएलजी मला स्वतःला बंद करता येईल का? 'नाही' असे उत्तर आले तर अर्जावर सही करू नका.

कळावे,
आपल्या पेटीचे दरमहा बिल भरणारा
एक करसल्लागार