कथितकाका

सिल्वासात किलवणी नाक्याजवळच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात, त्यांचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. पोरंसोरं त्यांना कथितकाका म्हणतात. मूळचे जळगावचे. पिपरियातल्या यार्नच्या कंपनीत क्वालिटीला होते. निवृत्त झाल्यापासून ब्लॉग लिहितात.

विषयांना तोटा नाही, पण नाव म्हणून कुणाचं घ्यायचं नाही. 'एका विशिष्ट रस्त्यावरील कथित खड्डा अद्याप बुजवला नसल्याचे समजते.' याच खड्ड्यात आदल्या दिवशी त्यांची ॲक्टिव्हा आडवी झाली होती. गुडघ्याची पट्टीही कथितच का, असं विचारलं तर म्हणाले, "एक्स-रे येऊ दे."

घरातही तेच. काकूंनी विचारावं, "अहो, आमटी कशी झालीय?" तर उत्तर येतं, "मीठ कमी असल्याची चर्चा आहे."

या सगळ्याचं मूळ एका पाकिटात आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी एका बिल्डरबद्दल स्वच्छ लिहिलं, की लिफ्ट कबूल केली आणि जिना दिला. आठवड्यात वकिलाची नोटीस आली: पंधरा दिवसांत माफी मागा, नाहीतर एक कोटीचा अब्रुनुकसानीचा दावा. काकूंनी देव पाण्यात घातले, काकांनी पोस्ट काढली. दावा काही झाला नाही. होतो कुठे? दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते. नोटिशीत मात्र कोटी फुकट लिहिता येतात. काकांनी ती नोटीस लॅमिनेट करून ठेवलीय आणि आल्यागेल्याला चहाच्या आधी ती दाखवतात. "माझ्या चार ओळींची किंमत बघा. कंपनीने उभ्या नोकरीत एवढा पगार दिला नाही!"

तेव्हापासून कायदा तोंडपाठ आहे. बदनामीचं कलम म्हणून आधी दंड संहितेतलं 'चारशे नव्याण्णव, पाचशे' म्हणायचे, जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेतलं 'तीनशे छप्पन्न' म्हणतात. "दोन वर्षांपर्यंत कैद होते बरं का! अपवाद दहा आहेत, पण नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं." २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्यातलं, ऑनलाइन लिखाणाबद्दल अटक करू देणारं कलम छासष्ट-अ रद्द केलं तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. पुढच्याच वर्षी बदनामी हा फौजदारी गुन्हाच राहील, असा निकाल आला. पेढ्यांचा खर्च त्यांना अजून आठवतो.

२०१२ साली शेजारच्या पालघरात एका फेसबुक पोस्टपायी दोन मुलींना अटक झाली. एकीने तर नुसतं लाइक केलं होतं. तेव्हापासून काका वाढदिवसाच्या फोटोलाही लाइक देत नाहीत, फोन करून शुभेच्छा देतात. "अहो, एका ब्लॉगरने २६/११ च्या वार्तांकनावर टीका केली, तर त्याला एनडीटीव्हीची नोटीस गेली. २००९ साली पोस्ट मागे घेऊन माफी मागावी लागली. तो तर हॉलंडात होता. मी किलवणी नाक्यावर!"

एकदा मी डिवचलं, "काका, कोल्हापूरच्या कारभाऱ्यांनी बदनामीचा खटला भरला तेव्हा टिळक-आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले."

"त्यांना शुगर नव्हती."

"आगरकरांना दमा होता."

"असल्याचे समजते," काका म्हणाले आणि नोटीस पुसायला लागले.

वर्षातून एक दिवस हा माणूस वेगळा असतो. २ ऑगस्टला, दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिदिनी, तो १९५४ चा संग्राम, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, सगळं नावानिशी लिहितो आणि पोर्तुगीजांना तर यथेच्छ झोडपतो. ते काही सिल्वासाच्या कोर्टात यायचे नाहीत.

वैताग येतो खरा. पण दर रविवारी ते निदान लिहितात तरी. बाकी आम्ही गुड मॉर्निंगची फुलं पाठवतो.

गेल्या महिन्यात आमच्या टाकीत कबूतर मरून पडलं. काकांनी ते स्वतः पाहिलं आणि लगेच लिहिलं: 'एका विशिष्ट इमारतीच्या टाकीत कथित पक्षी कथित अवस्थेत आढळला.' कुठली इमारत ते कुणालाच कळलं नाही, त्यामुळे आम्ही दोन दिवस तेच पाणी प्यायलो. खाली पहिली प्रतिक्रिया आमच्याच चेअरमनसाहेबांची होती: 'अशा निष्काळजी पदाधिकाऱ्यांना जोड्याने मारलं पाहिजे!'

काकांचं उत्तर मिनिटाभरात आलं: 'कृपया जोड्याचा उल्लेख काढावा. संबंधितांची बदनामी होऊ शकते.'