अडीच इंचांची दहशत

मुंबईपासून जसजसं दक्षिणेला जावं, तसतशी खिशातल्या चाकूची भीती कमी होत जाते आणि चाकूवाल्याचा अपमान वाढत जातो. हा शोध मला अंधेरी ते लांजा या प्रवासात लागला. लांज्याच्या पुढे काय होतं ते बघायची हिंमत उरली नाही.

चाकू माझा स्विस आहे. भाच्याने तिकडून आणलेला. लाल मूठ, अडीच इंचांचं पातं, आणि पोटात कात्री, डबाफोडणी, स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, दातकोरणं असा सगळा संसार. कार्ल एल्झनर नावाच्या कारागिराने 1891 साली स्विस सैन्याला असे चाकू पुरवायला सुरुवात केली. शिपायाला खाण्याचा डबा फोडता यावा आणि बंदुकीचे स्क्रू फिरवता यावेत, एवढाच हेतू. पुढे 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठी वेगळा चाकू निघाला, त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आला. म्हणजे शिपायाने बंदूक खोलायची आणि साहेबाने बाटली. माझा चाकू साहेबाचा आहे, हे पुढे महागात पडलं.

कायद्याने म्हणाल तर मी निर्धास्त आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत परवान्याची भानगड येते ती 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांसाठी, आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची हत्यारं वगळलेली आहेत. बायकोने शिवणाच्या टेपने माझं पातं मोजलं आणि म्हणाली, "अहो, पण हा न्यायचा कशाला?"

हा 'कशाला' माझ्या पाचवीला पुजलेला आहे. छत्री नेली तर ऊन असलं तरी कोणी विचारत नाही. चाकूला कारण द्यावं लागतं.

"पेरू कापायला," मी म्हणालो.

"पेरू कुठेत?"

म्हणून अर्धा किलो पेरू घेतले. तेव्हापासून माझ्या बॅगेत चाकूशेजारी एखादं फळ असतंच. सरकारने दिला नाही तो परवाना असा फळवाल्याकडून मिळवावा लागतो. सफरचंद चालतं, काकडी उत्तम. केळं मात्र नेऊ नये, संशय वाढतो.

पहाटेच्या मेट्रोला बॅग यंत्रातून पलीकडे गेली आणि पट्टा थांबला. पडद्यापुढे बसलेल्या बाईंनी मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली आणि विचारलं, "बॅग किसका है?" रांगेतल्या सगळ्यांनी एक पाऊल मागे घेतलं. ही बॅग आपली नव्हे हे सांगायची ती मुंबईची पद्धत आहे. माझी बायकोही त्यांत होती.

"चाकू है?"

"पेरू के लिए," मी म्हणालो.

रक्षकाने चाकू हातात घेतला आणि उघडायला गेला. पातं सापडेना. आधी कात्री निघाली, मग डबाफोडणी, मग नखाने ओढल्यावर दातकोरणं अख्खंच हातात आलं. ते कुठून आलं हे त्याला कळेना, म्हणून त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी सगळी आयुधं उघडून चाकू टेबलावर ठेवला. आता तो खरोखरच भयंकर दिसत होता. मागच्या रांगेतल्या एका तरुणाने लॅपटॉपची बॅग पोटाशी धरली. साहेबांनी पेरू तपासले, एकाचा वास घेतला, आणि बहुधा वासावर निर्णय दिला: आज जा, पण आत उघडू नका, आणि पुन्हा आणू नका. बंद करायला मात्र त्यांनी चाकू माझ्याकडेच दिला, कारण त्यांना तो मिटेना.

मेट्रोत बायको माझ्यापासून दोन दारं सोडून उभी राहिली. घाटकोपरला उतरल्यावर म्हणाली, "दिल्लीच्या मेट्रोत बायकांना छोटा चाकू चालतो. 2017 ला पेपरात आलं होतं, चार इंचांपर्यंत. तिथे असतो तर मी पर्समध्ये ठेवला असता. तुमच्याकडे बघून कोणाला पेरू आठवत नाही."

ठाण्याला कोकण रेल्वेची गाडी पकडली. समोर एक आजी आणि त्यांचा नातू, शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ (निवृत्तीची तारीख त्यांनी बॅग ठेवतानाच सांगितली), खिडकीत कानात बोंडं घातलेली एक मुलगी. रोहा जाईपर्यंत मी दम धरला. मग पेरू काढला, तो सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवला आणि चाकू उघडला. पातं पूर्ण उघडलं की 'टक' असा आवाज होतो. त्या 'टक'ने आपल्याकडे घोटाळा केलाय. कित्येक वर्षं हिंदी सिनेमातल्या गुंडाने रामपुरी उघडला की हाच आवाज यायचा आणि त्यापुढे कोणाचं तरी काहीतरी वाईट व्हायचं. त्या रामपूरवाल्यांना त्याचं काही वाटत नाही, त्यांनी तर 2023 साली भर चौकात वीस फुटी चाकू उभा केला. पण आमच्या डब्यात शांतता पसरली. मुलीने एका कानातलं बोंड काढलं. आजींनी नातवाला जवळ ओढलं.

"हे तुम्ही बरोबर घेऊन फिरता?" बँकवाले म्हणाले. मग त्यांना 'वक्त' आठवला. 1965 चा सिनेमा, त्यात राजकुमारचा चाकूवरचा तो प्रसिद्ध संवाद. त्यांनी तो मला अख्खा म्हणून दाखवला, गळ्याला बोट लावून, आवाज खाली नेऊन. संपल्यावर माझ्याकडून काही उत्तर येईल म्हणून थांबले. मी त्यांना पेरूची फोड दिली.

आजींनी पिशवीतून तिखटमिठाची पुडी काढली आणि बाकीचं सगळं पुडीनेच केलं. पेरूला मीठ लागलं की चाकू हत्यार राहत नाही. पाच मिनिटांत तो फरसाणाच्या पाकिटासाठी गेला, पार्सलच्या सुतळीसाठी गेला, नातवाच्या मोटारीचा स्क्रू घट्ट करून आला. मी तो आजींच्या हातात द्यायला लागलो तर त्या ओरडल्या, "खाली ठेवा! हातात देऊ नये, भांडणं होतात." आमची ओळख अर्ध्या तासाची. भांडायचं तर विषय शोधण्यापासून सुरुवात करावी लागली असती. तरी मी बाकावर ठेवला, त्यांनी बाकावरून उचलला.

असा हिंडता हिंडता तो चिपळूणच्या पुढे माझ्याकडे परत आला, उघडा आणि तेलकट. उक्षी गेलं. मी रुमालाने पातं पुसायला घेतलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली.

साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. एकेकाळी देशात सर्वांत लांब होता. आमच्या डब्यातले दिवे लागलेले नव्हते. डोळ्यांपुढे धरलेला हात दिसत नाही असा काळोख, आणि त्या हातात उघडा चाकू. मिटवावा तर बोट मध्ये येणार. बाकावर ठेवावा तर कोणीतरी त्यावर बसणार. मी तो छातीपुढे उभा धरला आणि लोकांच्या भल्यासाठी मोठ्याने म्हणालो, "माझ्या हातात चाकू आहे! कोणी हलू नका!"

आमच्या खणातल्या लोकांना त्याचा संदर्भ ठाऊक होता. पण चिपळूणला पलीकडच्या खणात बरीच मंडळी चढली होती. त्यांनी पेरू पाहिलेला नव्हता. चाकांच्या खडखडाटातही त्या बाजूने बोलणं थांबल्याचं ऐकू आलं. मग एक बांगडी वाजली. मग एका बाईंचा शांत, समजुतीचा आवाज आला, "दादा, आमच्याकडे फक्त डबा आहे हो."

"नको, नको, तसं नाही," मी म्हणालो. पण 'नको' म्हणणाऱ्या चाकूवाल्यावर कोण विश्वास ठेवणार? बोगदा संपेना. कोणीतरी माझ्या पायावरून गेलं. बायको कुठे आहे याचा अंदाज घेण्यासाठी मी तिला हाक मारली, तिने ओ दिली नाही. ती शेजारीच होती, हे नंतर कळलं. अशा वेळी ओळख दाखवू नये असं तिचं मत आहे.

उजेड आला तेव्हा बँकवाले सर्वांत वरच्या बाकावर होते. या वयात ते अंधारात तिथे कसे चढले हे त्यांनाही सांगता आलं नाही. माझ्या मांडीवर एक स्टीलचा डबा होता. गरम. मी तो परत करायला पलीकडे गेलो तर बाई हसल्या, पण डबा घेईनात. "असू दे, घावने आहेत, खा." चाकू तोवर मिटून खिशात गेला होता, हे मी त्यांना खिसा दाखवून सांगितलं, आणि त्याने फारसा फरक पडला नाही. घावने छान होते. रत्नागिरीला उतरताना डबा धुऊन दिला.

रत्नागिरीहून लांज्याला एसटी. पालीच्या अलीकडे एक गृहस्थ चढले. उघड्या पोटऱ्या, खांद्यावर पंचा, कमरेला मागच्या बाजूने बांधलेली लाकडी आकडी आणि तीत अडकवलेली कोयती. हातभर लांब, पुढे वाकलेली, सकाळीच धार लावलेली असावी अशी चकचकीत. गर्दी होती, ते उभे राहिले आणि मी बसलो होतो. त्यामुळे कोयतीचं टोक माझ्या नाकाच्या पातळीवर आलं. हायवेचं काम चालू. प्रत्येक खड्ड्याला ती माझ्याकडे झुके आणि प्रत्येक वळणाला दूर जाई. अख्ख्या गाडीत कोणी वळून पाहिलं नाही. कोणी 'कशाला' विचारलं नाही. माझी बायको, जी अडीच इंचांपायी पहाटेपासून मला अनोळखी झाली होती, ती सरकून म्हणाली, "काका, बसा ना इथे."

मला राहवलं नाही. बिस्किटांचा पुडा फोडायचं निमित्त करून मी चाकू काढला आणि 'टक' केलं. कंडक्टर तिकिटं फाडत आला, त्याने चाकूकडे पाहिलं. काहीतरी बोलेल, निदान दचकेल, म्हणून मी वाट पाहिली.

"साहेब, आत ठेवा ते," तो म्हणाला. "पडलं तर सापडायचं नाही."

कोयतीवाल्या काकांनी मात्र चाकू नीट निरखला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि परत देताना विचारलं, "ह्यानं काय, नखं काढता?"

लांज्याला माझ्या काकांच्या घरी पोचलो तेव्हा काकू स्वयंपाकघरात विळीवर बसून भोपळा चिरत होत्या. विळीचं पातं उभं, चांगलं वीतभर उंच, वर नारळ खवायचे दाते. एका हाताच्या अंतरावर त्यांची दीड वर्षांची नात भोपळ्याची साल चघळत बसलेली. मी कौतुकाने चाकू दाखवायला काढला, तर काकू म्हणाल्या, "अरे, तो आत ठेव आधी. पोर आहे समोर."

ओटीवर काका अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी चष्मा लावून चाकू हातात घेतला आणि एकेक अवजार उघडत विचारलं. ही कात्री? याने काय कापतात, मिशी? हे डबा फोडायचं? आमच्याकडे डब्याला झाकण असतं. मग बूच काढायचा तो स्क्रू निघाला. काकांनी तो उजेडात धरला.

"हे काय रे?"

"बूच काढायचं."

"कसल्या बाटलीचं?"

आतून विळीचा आवाज थांबला.

"तेलाच्या," मी म्हणालो.

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तेलाच्या बाटलीला बूच असायचं तो काळ त्यांनी पाहिला होता, मी नव्हता. "हं," ते म्हणाले आणि स्क्रू जपून आत घातला. संध्याकाळी परसात आम्ही दोघंच असताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, "भाचा पुन्हा कधी जाणार आहे तिकडे?"

रात्री नात झोपेत दचकून उठली. एकदा उठली, पुन्हा उठली. काकू म्हणाल्या, उशाखाली लोखंड ठेवायला हवं. सुरी, विळा, काहीही, म्हणजे वाईट स्वप्नं येत नाहीत. माझी छाती फुगली. दिवसभराच्या मानहानीनंतर चाकूला एक काम आलं होतं, आणि तेही थेट भुताखेतांशी. मी तो पुढे केला. (खाली ठेवला. काकूंनी खालून उचलला.)

काकूंनी तो दिव्याखाली उलटासुलटा केला. "हा गंजतो का रे?"

"छे! स्टेनलेस स्टील आहे. शंभर वर्षांत गंजायचा नाही."

"मग लोखंड कसलं?" काकू म्हणाल्या. "लोखंड गंजतं. हा नाही चालायचा." शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून ऐकत होत्या, त्यांनीही दुजोरा दिला. शिवाय परदेशी वस्तू, इथल्यांना त्याचं काय वाटणार, अशी एक शंका त्यांनी काढली. त्यावर थोडा खल झाला, पण स्टेनलेसच्या मुद्द्यावरच निकाल लागलेला होता. काकूंनी काकांचा अडकित्ता घेतला. आजोबांच्या वेळचा, काळा, गंजाने खरबरीत झालेला. तो उशाखाली गेल्यावर नात खरोखरच शांत झोपली.

काका ओटीवर बसून होते. जेवणानंतरची सुपारी राहिली होती आणि अडकित्ता तर आत उशाखाली. त्यांनी माझ्याकडे हात केला. मी चाकू दिला. त्यांनी सुपारी पाटावर ठेवली, पातं टेकवलं आणि जोर दिला. सुपारी उडून अंगणात गेली. दुसरी घेतली, ती खांबावर आपटली.

"अरे," काका म्हणाले, "ह्याला घाबरले तरी कोण म्हणालास?"