माहेर सातशे मीटरवर

अहो वहिनी, ऐकलंत का? या जरा कुंपणाशी. त्या ब्युझिंगेनचं म्हणतेय हो, ऱ्हाईनकाठचं. चहूबाजूंनी स्वित्झर्लंड आणि नाव लावतंय जर्मनीचं! माहेर अगदी जवळ, एका ठिकाणी तर जेमतेम सातशे मीटरवर, पण जायचं ते दुसऱ्याच्या अंगणातून.

सगळं त्या भाऊबंदकीपायी. गावचा जहागीरदार एबरहार्ट इम थुर्न. घराणं प्रोटेस्टंट आणि हा म्हणे कॅथलिकांत ऊठबस करायचा. म्हणे हं, मी नव्हते बघायला! तर १६९३ च्या एप्रिलात त्याच्याच नातलगांनी त्याला उचललं नि शेजारच्या स्विस शाफहाउझेनला नेऊन कोंडलं. वर जन्मठेप! आता गाव पडलं ऑस्ट्रियाच्या अमलाखालचं. तिकडे जो भडका उडाला... काही वर्षांनी सोडला त्याला, पण ऑस्ट्रिया कुठली विसरतेय? १७७० मध्ये शेजारची रामसेन नि डोर्फलिंगेन झुरिकला विकून टाकली, पण ब्युझिंगेन? ते नाही म्हणजे नाही! शाफहाउझेनवाल्यांच्या डोळ्यांत कायम सलत राहायला हवं ना. काय चेहरे उतरले असतील एकेकाचे!

आणि ते १८४९ चं बोटीचं... गाव तेव्हा बाडेन या जर्मन संस्थानाकडे. हेसे या दुसऱ्या जर्मन संस्थानाची पलटण बंडखोर धरायला आली, ती स्विस पाण्यातून, न विचारता. झालं! स्विसांनी परतीची वाटच अडवली. आठवड्याहून जास्त अडकले बिचारे. विचारून गेले असते तर काय बिघडत होतं, मी म्हणते.

तर काय सांगत होते... हां, मतदान. पहिलं महायुद्ध संपल्यावर गावाला विचारलं, तर शंभरातले शहाण्णव म्हणाले, आम्हाला स्वित्झर्लंडमध्ये जाऊ द्या. जर्मनी म्हणाली, बदल्यात काय देता? आणि स्विसांकडे द्यायला धड काही निघेना. मोडलं जमत आलेलं! शेवटी करार लागू झाला तो १९६७ मध्ये. जकातीच्या हिशेबात गाव स्विसांचं, बाकी जर्मनीचंच. त्यात वेरेनाहोफ नावाच्या जर्मन वस्तीची तीन घरं मात्र स्विसांच्या पदरात पडली. त्यांचं नशीब बघा!

आणि थाट तर विचारूच नका. पिनकोड दोन, फोनचे कोड दोन, शाळा जर्मन, फुटबॉल स्विस लीगमध्ये, दुकानात फ्रँक. १९८० मध्ये जर्मनीने उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे केली, स्विसांनी नाही. हे गाव तेव्हा स्विस वेळेवरच. आपल्याच देशाच्या तासभर मागे!

पण खरी मेख टॅक्समध्ये, वहिनी. पगार बरेचजण स्वित्झर्लंडमध्ये कमावतात, इन्कम टॅक्स जर्मनीचा, आणि भाव सगळे स्विस. मग तरणीताठी कशाला थांबतील? पलीकडे घर करतात. आणि येतं कोण, तर पेन्शनवाले स्विस आजी-आजोबा, कारण पेन्शनला जर्मन टॅक्स हलका! पोरं निघाली तिकडे आणि म्हातारे आले इकडे... हळू, हळू. शाफहाउझेनवाल्या आल्या वाटतं. त्यांच्यापुढे एबरहार्टचं नाव काढू नका हं.